स्त्रीबीजे आणली कुठून?

माणसाचे क्लोनिंग करावे की करू नये, हा वाद साठ वर्षांहून जुना आहे. त्यातला बहुतेक काळ तो अजून जन्मालाच न आलेल्या एका माणसाविषयी चालला. आपण कोणाची तरी नक्कल आहोत हे ओझे त्याला पेलेल का, त्याची आई कोण आणि बहीण कोण, एखाद्या हुकूमशहाने स्वतःच्या दहा प्रती काढल्या तर काय, चार दिवसांच्या भ्रूणाला माणूस म्हणायचे का? धर्मपीठे, तत्त्वज्ञ, कायदेपंडित आणि कादंबरीकार अशा सगळ्यांनी या प्रश्नांचा कीस काढला. ते प्रश्न पोकळ नव्हते. पण या साऱ्या खटाटोपाला सर्वांत आधी लागते ते स्त्रीबीज, आणि ते एका जिवंत बाईच्या शरीरातून सुईने काढावे लागते, ही साधी गोष्ट चर्चेच्या कडेलाच राहिली. बीज कोण देणार, किती देणार, कशाच्या बदल्यात देणार, हे जगाने मोठ्याने विचारायला सोलमधले बिंग फुटावे लागले. माझे म्हणणे असे की हा निव्वळ विसर नव्हता. क्लोनिंगचे तंत्र ज्या प्राण्यांवर घडत गेले, त्यांच्यामुळे अंडे म्हणजे फुकटात मिळणारा कच्चा माल अशी सवय प्रयोगशाळेला लागली आणि तीच सवय नीतिचर्चेनेही उचलली. मानवी क्लोनिंगच्या नावाखाली झालेला जो अन्याय आज कागदोपत्री सिद्ध आहे, तो याच आंधळ्या जागेत झाला. क्लोन केलेल्या मुलावर अन्याय झाल्याची नोंद नाही, कारण तसे मूल जन्मल्याचा पुरावाच कोणी दिलेला नाही.

सुरुवात बेडकापासून झाली. वाढलेल्या पेशीतले केंद्रक काढून ते केंद्रक नसलेल्या अंड्यात घातले तर काय होईल, अशी कल्पना जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांनी १९३८ मध्ये मांडून ठेवली होती. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी ती करून पाहिली आणि बेडकाच्या भ्रूणपेशींतल्या केंद्रकांपासून टॅडपोल वाढवून दाखवले. बेडकाचे अंडे मिलिमीटरभराहून मोठे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे, शरीराबाहेर पाण्यात पडणारे. काचेच्या सुईखाली एक बिघडले तर शेजारी शेकडो तयार. ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी हेच काम आफ्रिकी झेनोपस बेडकावर पुढे नेले. हा बेडूक युरोपच्या प्रयोगशाळांत पोहोचला त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. गरोदर बाईची लघवी टोचली की झेनोपसची मादी काही तासांत अंडी घालते, म्हणून १९३०च्या दशकापासून तो गर्भधारणेच्या चाचणीसाठी पाळला जात होता. म्हणजे अंडी हवी असतील तेव्हा हॉर्मोनची एक सुई टोचायची आणि अंडी पाण्यातून गोळा करायची. गर्डन यांनी १९६२ मध्ये टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशींची केंद्रके वापरून असेच बेडूक वाढल्याचे प्रसिद्ध केले. शेकडो प्रयत्नांतून हाती आले ते मोजकेच, पण वाया गेलेल्या अंड्यांचा हिशेब ठेवायची गरज कोणाला वाटली नाही, आणि बेडकाच्या बाबतीत ते चुकलेही नाही.

मानवी क्लोनिंगची पहिली गंभीर चर्चा याच बेडकांकडे पाहून झाली. १९६२ मध्ये लंडनला सिबा फाउंडेशनच्या परिषदेत जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी असामान्य माणसांच्या क्लोनिंगचा विषय काढला. ब्रिटन सोडून ते तोवर भारतात स्थायिक झाले होते आणि भुवनेश्वरला काम करत होते. ज्यांचे कर्तृत्व सिद्ध झाले आहे अशा, साधारण पन्नाशी गाठलेल्या लोकांच्या पेशी घ्याव्यात, असा त्यांचा विचार होता. प्रत घ्यायची ती कोणाची, हे त्यांनी बारकाईने सांगितले. प्रत काढायला लागणारी स्त्रीबीजे आणि गर्भाशये कोणाची, याचा विचार त्या मांडणीत जवळजवळ नव्हता. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी १९६६ मध्ये क्लोनिंगची शक्यता उत्साहाने मांडली. धर्मशास्त्री पॉल रॅम्झी यांनी १९७० मध्ये तिच्यावर कडाडून टीका केली. जेम्स वॉटसन यांनी १९७१ मध्ये इशारा दिला की ही गोष्ट फक्त शास्त्रज्ञांच्या हाती सोडू नका. इंग्लंडमध्ये मानवी बीजे शरीराबाहेर फलित करण्याचे काम सुरू झाले आहे, इकडे वॉटसन यांनी बोट दाखवले, पण धोका जवळ आल्याची खूण म्हणून. बाजू मांडणारे आणि विरोध करणारे हिरिरीने भांडत होते, पण दोन्हीकडच्यांच्या डोळ्यांपुढे केंद्रक होते. ज्यात ते घालायचे ती पेशी त्यांच्या लेखी नुसते भांडे होती.

एका लबाडाला मात्र हे बरोबर उमगले होते. १९७८ मध्ये डेव्हिड रॉर्विक या अमेरिकी पत्रकाराने एका लक्षाधीशाचे क्लोन केलेले मूल जन्मल्याचा दावा करणारे पुस्तक लिहिले. गदारोळ झाला, एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने दावा लावला आणि १९८१ मध्ये न्यायालयाने हे पुस्तक बनावट ठरवले. त्या बनावट कथेत प्रयोगासाठी जागा निवडली होती ती उष्ण कटिबंधातल्या एका अनामिक देशातली, आणि गर्भ वाढवायला निवडलेली मुलगी तिथलीच, अनाथ आणि कोवळ्या वयाची. खोटे रचतानाही रॉर्विकने सामग्री कुठून येईल याचा अंदाज तत्त्वज्ञांपेक्षा नेमका बांधला होता. त्या वेळच्या वादात यावर फारसे कोणी बोलले नाही. मूल खरे की खोटे, एवढ्यातच सगळे गुंतले.

त्याच वर्षी मानवी स्त्रीबीज खऱ्या अर्थाने शरीराबाहेर आले. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउनचा जन्म झाला आणि काही आठवड्यांतच कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून ‘दुर्गा’ जन्मली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. लुईसच्या वेळी निसर्गक्रमाने तयार झालेले एकच बीज काढले होते. पुढे एका वेळी दहा-पंधरा बीजे मिळवण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती कशी चालते हे इथे नीट सांगायला हवे. स्त्रीला साधारण दहा-बारा दिवस रोज हॉर्मोनची इंजेक्शने घ्यावी लागतात. मधूनमधून रक्त तपासायचे, सोनोग्राफीत अंडाशयातल्या पुटिका किती वाढल्या ते मोजायचे. शेवटचे इंजेक्शन घड्याळ लावून द्यायचे आणि साधारण छत्तीस तासांनी भूल देऊन योनीमार्गाच्या भिंतीतून लांब सुई अंडाशयात घालून एकेका पुटिकेतले पाणी ओढून घ्यायचे. बहुतेक स्त्रिया पोटफुगी आणि दुखण्यावर निभावतात. काहींची अंडाशये मात्र औषधाला बेसुमार प्रतिसाद देतात, पोटात पाणी साचते, रक्त घट्ट होते, आणि क्वचित जिवावर बेततेही. मूल हवे असलेली बाई हे सारे स्वतःच्या मुलासाठी सोसते. प्रयोगासाठी बीज देणाऱ्या बाईच्या पदरात त्या बदल्यात तसे काही पडत नाही.

१९९७च्या फेब्रुवारीत डॉली मेंढीची बातमी आली आणि क्लोनिंगचा वाद घरोघरी पोहोचला. एडिंबराजवळच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनग्रंथीतल्या पेशीपासून ती घडवली होती. २७७ अंड्यांत केंद्रके घातली, त्यांतून २९ भ्रूण झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत सोडले आणि जन्मले एकच कोकरू. अध्यक्ष क्लिंटन यांनी आपल्या जैवनीती आयोगाला नव्वद दिवसांत अहवाल द्यायला सांगितले. आयोगाने जूनमध्ये सांगितले की मानवी क्लोनिंग करू नये, आणि सर्वांत ठोस कारण दिले ते होणाऱ्या बाळाच्या सुरक्षिततेचे. २७७ला एक, हे प्रमाण जगभर उद्धृत झाले ते बाळाला असलेल्या धोक्याचे माप म्हणून. हाच आकडा उलटा वाचला तर काय दिसते? एका वेळी दहा ते पंधरा बीजे धरली, तर तितकी बीजे जमवायला एकोणीस ते अठ्ठावीस स्त्रियांना वरच्या सगळ्या दिव्यातून जावे लागेल. हा त्रैराशिकाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमला असता. तो मांडला गेला नाही, कारण मेंढ्यांच्या बाबतीत तो कोणी मांडत नसे. गाई-म्हशींच्या क्लोनिंगला लागणारी अंडी तर बहुधा कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून काढतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीचे क्लोन जन्माला घातले, तेही अशाच मुबलक पुरवठ्याच्या बळावर.

१९९८ मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करता आल्या आणि वादाला नवे वळण लागले. आता क्लोन केलेले मूल नको होते. रुग्णाच्या पेशीपासून भ्रूण तयार करायचा, काही दिवसांनी त्यातून मूलपेशी काढायच्या आणि त्याच रुग्णाच्या मज्जारज्जूची किंवा स्वादुपिंडाची दुरुस्ती करायची, अशी ही आशा होती. संयुक्त राष्ट्रांत चार वर्षे रस्सीखेच चालली. मूल जन्माला घालणारे क्लोनिंग नको, यावर सगळ्यांचे एकमत होते. उपचारासाठीच्या क्लोनिंगवर मात्र फाटे फुटले. ८ मार्च २००५ रोजी आमसभेने सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरोधात जाहीरनामा संमत केला, बाजूने ८४, विरोधात ३४ आणि तटस्थ ३७. भारताने विरोधात मत दिले, कारण त्याला संशोधनाची दारे सरसकट बंद करायची नव्हती. जीवविज्ञानाच्या वापरात स्त्रियांचे शोषण होऊ नये म्हणून देशांनी पावले उचलावीत, असेही एक कलम त्या जाहीरनाम्यात होते. तेव्हा स्त्रियांचा विचार झालाच नाही असे कसे म्हणता, असा आक्षेप कोणी घेईल. विचार झाला, पण तो भ्रूणाच्या भांडणाला जोडलेल्या एका ओळीपुरता. जाहीरनामा कोणावरही बंधनकारक नव्हता, आणि महिला दिनी न्यूयॉर्कमध्ये हे मतदान चालू असताना सोलमध्ये बीजे गोळा होतच होती.

सोल राष्ट्रीय विद्यापीठातले ह्वांग वू-सुक हे मूळचे पशुवैद्य. गाई-डुकरांच्या अंड्यांवर त्यांच्या चमूचा हात बसलेला. धातूच्या चॉपस्टिक्स वापरून कोरियन बोटांना जे कसब येते त्याने आम्हाला यश दिले, असे ते अभिमानाने सांगत. २००४च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले की मानवी क्लोन भ्रूणातून मूलपेशींची पहिली मालिका मिळाली आहे. १६ स्वयंसेवी स्त्रियांनी मोबदला न घेता दिलेली २४२ बीजे वापरली, असा त्यांचा दावा होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात ११ मालिकांचा आणि फक्त १८५ बीजांचा दुसरा दावा आला. देशाला वेड लागायची पाळी आली. चाकांच्या खुर्चीतून उठून उभ्या राहणाऱ्या माणसाचे टपाल तिकीट निघाले. सरकारने ‘सर्वोच्च शास्त्रज्ञ’ असा किताब दिला. त्यांनीच २००५ मध्ये क्लोन केलेला स्नप्पी हा कुत्रा खरा होता, हे नंतरच्या तपासातही सिद्ध झाले. त्या एका कुत्र्यासाठी १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या गर्भाशयांत सोडले होते. या आकड्यांकडे तेव्हा कोणी पाहिले असते, तर १८५ बीजांत ११ मालिका हा दावा गळी उतरायला नको होता.

पहिली शंका आकड्यांवरून आलीच नाही. ती आली बीजे देणाऱ्यांवरून. २००४च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या वार्ताहराला ह्वांग यांच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने सांगितले की बीजे देणाऱ्यांत आपणही आहोत. मग तिने फिरवून सांगितले की आपले इंग्रजी कच्चे, त्यामुळे गैरसमज झाला. ह्वांग यांनी साफ नाकारले आणि दीड वर्ष ते खपूनही गेले. २००५च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सहकारी जेराल्ड शॅटन यांनी बीजांच्या प्रकरणावरूनच संबंध तोडले. बीजे काढणाऱ्या मिझमेडी रुग्णालयाच्या प्रमुखांनी पैसे दिल्याचे कबूल केले, दर स्त्रीमागे सुमारे १५ लाख वॉन, म्हणजे तेव्हाचे चौदाशे डॉलर. एमबीसी वाहिनीने हे प्रकरण दाखवले तर लोक वाहिनीवरच उलटले. जाहिरातदारांनी पाठ फिरवली, आणि ह्वांग यांना बीजे देण्यासाठी हजाराहून अधिक स्त्रियांनी नावे नोंदवली. प्रयोगशाळेच्या दारात समर्थकांनी राष्ट्रीय फुले वाहिली. ही लाट उसळली तेव्हा बीजांचे सत्य बाहेर आलेले होते, प्रयोगाची बनवेगिरी अजून यायची होती. त्यामुळे सुई, भूल आणि पोटात साचणारे पाणी हा राष्ट्रकार्याचा किरकोळ खर्च ठरला.

बनवेगिरी मग आठवड्याभरात उघडी पडू लागली, आणि तरुण कोरियन शास्त्रज्ञांनीच छायाचित्रांतली पुनरावृत्ती शोधून काढली. १० जानेवारी २००६ रोजी विद्यापीठाच्या समितीने सांगितले की दोन्ही निबंध बनावट आहेत आणि रुग्णाच्या पेशींपासून केलेली एकही मालिका अस्तित्वात नाही. याच अहवालात एक कमी गाजलेली नोंद आहे. २००२च्या नोव्हेंबरपासून तीन वर्षांत चार रुग्णालयांतून १२९ स्त्रियांची २,०६१ बीजे ह्वांग यांच्याकडे गेली होती. पुढे कोरियाच्या राष्ट्रीय जैवनीती समितीने मोजणी केली तेव्हा आकडा ११९ स्त्रिया आणि २,२२१ बीजे असा आला. दोन सरकारमान्य मोजण्या जुळत नाहीत, यातच नोंदी किती काळजीने ठेवल्या होत्या ते दिसते. जगापुढे सांगितलेला आकडा दोन निबंध मिळून ४२७चा होता. प्रयोगशाळेतल्या मुलींना बीजदानाचे संमतिपत्र वाटले गेले होते, आणि एका संशोधक मुलीला ह्वांग स्वतः रुग्णालयात घेऊन गेले होते, हेही विद्यापीठाच्या समितीने नोंदवले. जिचा पीएच.डी.चा कागद, जिची शिफारस, जिची पुढची नोकरी ज्यांच्या सहीवर अवलंबून आहे, त्यांनीच तिच्यापुढे फॉर्म ठेवायचा, आणि तिने तो भरला की त्याला स्वेच्छा म्हणायचे. संशोधकावर अवलंबून असलेल्या व्यक्तीची संमती घेताना विशेष काळजी घ्यावी, हे जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात कित्येक वर्षांपासून लिहिलेले आहे. २००६ मध्ये कोरियातल्या महिला संघटनांनी बीजे देणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने नुकसानभरपाईची लढाई हाती घेतली. २००९ मध्ये ह्वांग दोषी ठरले ते निधीच्या अपहाराबद्दल आणि बीजांच्या बेकायदा व्यवहाराबद्दल. शिक्षा दोन वर्षांची आणि तीही स्थगित.

यावर मोठा आक्षेप असा की ह्वांग हा ठग होता, एका ठगावरून साऱ्या विद्याशाखेवर बोट कसे ठेवता? आक्षेप वजनदार आहे, पण तो दोन गुन्ह्यांची गल्लत करतो. निकाल बनावट होते, बीजे मात्र खरीखुरी होती. आणि बीजांची भूक ह्वांग यांच्या स्वभावातून आली नव्हती, ती तंत्रातूनच आली होती. प्रामाणिक प्रयोगशाळांनाही तीच भिंत लागली. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांना वंध्यत्वाच्या उपचारासाठी आलेल्या स्त्रियांकडून निम्मी बीजे संशोधनाला घेऊन त्या बदल्यात उपचाराचा खर्च कमी करायची परवानगी मिळाली. ज्या बाईला पैशाअभावी मूल होण्याची आशा सोडावी लागते, तिच्यापुढे ठेवलेली ही सवलत कितपत मुक्त निवड म्हणायची? कॅलिफोर्नियात मोबदल्याला बंदी होती. हार्वर्डमध्ये विनामोबदला दात्या शोधण्यात दिवस गेले आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही, आणि त्या संशोधकांनी मोबदल्याशिवाय हे काम व्यवहार्य नाही असा निबंधच प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये संशोधनासाठी दहा हजार डॉलरपर्यंत देण्याची मुभा दिली. शेवटी २०१३ मध्ये ओरेगनमध्ये शौखरात मितालिपोव्ह यांच्या चमूने मानवी क्लोन भ्रूणातून खऱ्या मूलपेशी मिळवल्या, आणि त्याही बीजे देणाऱ्या स्त्रियांना तीन ते सात हजार डॉलर मोजून. जिथे यश आले तिथे पैसे उघडपणे दिले गेले होते. हे सोलपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, पण अंडी पाण्यातून गोळा करण्याचे दिवस संपले हेही त्यातून सिद्ध होते.

पैसे दिले म्हणून काय बिघडले, हा दुसरा आक्षेप, आणि तो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांना पैसे मिळतात, आयव्हीएफच्या बाजारात बीजांना भाव आहे, प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकापासून शिपायापर्यंत सगळे पगार घेतात, मग त्या साखळीत एकट्या बीज देणाऱ्या बाईनेच पुण्यासाठी राबावे का? बाईला आपले हित कळत नाही असे गृहीत धरणे हाही जुलूमच. मला हे पटते. विनामोबदला दानाचे जे गोडवे गायले जातात, त्यांच्या आड बहुधा दबाव किंवा लपवलेली देवघेव असते, आणि ह्वांग यांचे प्रकरण याचाच दाखला आहे. पण मोबदला ठरवण्याआधी काय विकत घेतले जाते आहे ते माहीत हवे, आणि इथेच अडते. कॅलिफोर्नियाच्या मूलपेशी संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये मान्य केले की बीजे देणाऱ्या स्त्रियांच्या दूरच्या आरोग्याविषयी पुरेशी माहितीच जमवलेली नाही. भाव ठरतो तो इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांचा, पुढच्या वीस वर्षांचे काय ते कोणी मोजलेले नाही. अमेरिकेत २००६ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक अशा दोन्ही गोटांतल्या स्त्रियांनी एकत्र येऊन संशोधनासाठी बीजे काढण्याविरुद्ध मोहीम काढली. भ्रूणावर ज्यांचे आयुष्यभर पटणार नाही, त्यांचे बाईच्या अंडाशयावर एका बैठकीत पटले, ही गोष्ट क्लोनिंगच्या वादपंडितांनी जास्त मनावर घ्यायला हवी होती.

नीतिचर्चेची सुरुवात बाईच्या शरीरापासून करता येते, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भजल चाचणी करून मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा फोफावला, तेव्हा स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञानप्रसारक एकत्र आले आणि १९८५ मध्ये लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. त्यांनी गर्भ माणूस कधी होतो या वादात स्वतःला अडकू दिले नाही. गर्भपाताचा हक्क शाबूत ठेवूनच त्यांना लिंगनिदान थांबवायचे होते, म्हणून त्यांनी विचारले ते हे की तंत्र कोणाच्या शरीरावर वापरले जाते, निर्णय कोण घेतो आणि नफा कोणाच्या खिशात जातो. १९८८चा महाराष्ट्राचा कायदा हा या विषयावरचा देशातला पहिला कायदा, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. अंमलबजावणी कशी झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण प्रश्न बरोबर विचारला गेला होता. क्लोनिंगच्या बाबतीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूल जन्माला घालणाऱ्या क्लोनिंगला सुरुवातीपासून मनाई केली, पण बीजांच्या बाजाराला बरीच वर्षे मोकळे रान होते. २०१० मध्ये मुंबईत एका अल्पवयीन, कष्टकरी मुलीचा बीजे काढल्यानंतर मृत्यू झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिची बीजे क्लोनिंगसाठी नव्हती. सुई मात्र तीच होती.

आता शेवटचा आक्षेप, आणि तोच हल्ली जास्त ऐकू येतो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना काही जनुके देऊन मूलपेशींसारखे बनवले. खुद्द विल्मट यांनी क्लोनिंगचा मार्ग सोडून हा मार्ग धरत असल्याचे जाहीर केले. मग बीजांची गरजच संपली, जुने हिशेब उकरायचे कशाला? गरज कमी झाली हे खरे. ती संपली नाही. २०२५ मध्ये त्याच ओरेगनच्या चमूने त्वचेच्या पेशीपासून फलनक्षम स्त्रीबीज घडवण्याचा पहिला टप्पा गाठल्याचे प्रसिद्ध केले. वंध्यत्वाच्या उपचाराला त्याचा उपयोग व्हावा ही अपेक्षा आहे, आणि बातम्यांत ‘त्वचेपासून बीज’ हे शब्द ठळक झाले. प्रत्यक्षात त्वचेतले केंद्रक घातले होते ते दात्या स्त्रियांच्या, स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या बीजांत. अशी ८२ बीजे प्रयोगात होती आणि त्यांतली जेमतेम नऊ टक्के काही दिवस वाढली. डॉलीचेच तंत्र, तोच कच्चा माल.

भारतात २०२१ पासून सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आहे. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजे द्यावीत आणि सातपेक्षा जास्त काढू नयेत, असे त्यात लिहिले आहे. हे माप लावले तर सोलमधल्या बीजांसाठी ११९ नव्हे, ३१८ स्त्रिया लागल्या असत्या. डॉक्टरांची तक्रार आहे की सुईखाली सात कुठे आणि आठ कुठे हे ठरवता येत नाही, आणि त्यात तथ्य आहे. तरी बीज ही मोजायची गोष्ट आहे हे या कायद्याने मान्य केले, आणि दात्या स्त्रीसाठी बारा महिन्यांचा विमाही सक्तीचा केला. तेराव्या महिन्यानंतर तिच्या प्रकृतीचे काय झाले, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याने कोणावरच टाकलेली नाही.